उतारावरचा पाया

घराला आणखी एक खोली असावी, असे ज्याला आयुष्यात कधी वाटले नाही असा मध्यमवर्गीय गृहस्थ विरळाच. मुलाचे लग्न ठरते, गावाकडचे आईवडील वार्धक्यामुळे जवळ येऊन राहतात, नातवंडांना अभ्यासाला जागा पुरत नाही. आणि नव्या सदनिकांचे भाव ऐकल्यावर नजर साहजिकच घरामागच्या अंगणाकडे वळते. 'जागा नुसती पडून आहे' असे वाटते आणि ठेकेदाराला बोलावणे जाते. या इच्छेत गैर काहीही नाही. घर वाढणे हे संसार वाढल्याचे लक्षण आहे आणि त्याचे कौतुकच व्हावयास हवे. परंतु हे अंगण टेकडीच्या उतारावर असेल, तर 'जागा पडून आहे' हे वाक्य मुळातच फसवे ठरते. सपाटीवरची जमीन पडून असते. उतारावरची जमीन उभी असते. ती कशाच्या बळावर उभी आहे, आजवर तिने कोणता भार पेलला आहे आणि आणखी किती पेलण्याची तिची कुवत आहे, याची चौकशी न करता तिच्या अंगावर वीस-पंचवीस टनांची खोली चढविणे हा निव्वळ अविचार होय. या अविचाराची किंमत पुष्कळदा बांधणाऱ्याच्या खालच्या अंगाला राहणाऱ्याला मोजावी लागते. आणि म्हणूनच हा विषय एखाद्याच्या खासगी अंगणापुरता राहत नाही, तो सबंध शहराचा होतो.

पुणे शहराला तर हा विषय टाळताच येणार नाही. पर्वती, तळजाई, वेताळ टेकडी, चतुःशृंगी, बाणेर, बावधन, कात्रज अशा टेकड्यांच्या कुशीत हे शहर वाढले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि नदीकाठचे पुणे वाहून गेले, तेव्हा पूरग्रस्तांच्या पुनर्वसनासाठी गोखलेनगर, सहकारनगर यांसारख्या वसाहती उभ्या राहिल्या. पाण्याने उठविलेल्या माणसांनी टेकडीच्या पायथ्याचा आसरा घेतला. त्या काळची घरे लहान, बैठी आणि हलकी होती. आज त्यांच्यावर मजले चढले आहेत, मागे खोल्या निघाल्या आहेत, समोर मोटारीसाठी उतार कापून जागा केली आहे. त्यानंतर शहराच्या हद्दीत आलेल्या गावांतही तोच क्रम चालू राहिला. टेकड्यांच्या माथ्यांविषयी या शहरात पुष्कळ चर्चा झाली. एकास पाच, म्हणजे पाच फूट आडवे जाताना एक फूट चढावे लागेल इतक्या किंवा त्याहून तीव्र उतारावर बांधकाम नको, हा नियम सुशिक्षित पुणेकराला तोंडपाठ आहे. जैववैविध्य उद्यानाच्या आरक्षणावरून तर वर्षानुवर्षे वाद झाले. माथा वाचविण्यासाठी नागरिकांनी जी जागरूकता दाखविली ती अभिनंदनीयच होय. परंतु टेकडीच्या कुशीत नि पायथ्याशी आधीच उभ्या असलेल्या घरांच्या वाढीव बांधकामाकडे मात्र ना चळवळींचे लक्ष गेले, ना पालिकेचे. एकेक खोली ही क्षुल्लक बाब, म्हणून ती कोणाच्या नजरेत भरत नाही. आणि अशा शेकडो क्षुल्लक बाबींचा भार ती टेकडी मुकाट्याने वाहत असते.

आपल्या जमिनीविषयी एक गोड गैरसमज आपण बाळगून आहोत. सह्याद्री म्हणजे काळा पाषाण, तेव्हा येथे पायाची चिंता कशाला, असे मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले जाते. दुरून डोंगर साजरे म्हणतात ते असे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक पसरत गेले आणि दख्खनचे हे पठार घडले, हे खरे. परंतु हे थर एकजिनसी नाहीत. कठीण कातळाच्या दोन थरांमध्ये सच्छिद्र, ठिसूळ खडक असतो. कोठे तांबड्या मातीचा पातळ पट्टा असतो, जो ओला झाला की निसरडा होतो. ऊनपावसाने कातळ कुजून त्याचा मुरूम होतो, आणि हा मुरूमही एका जागी कुदळीला दाद देत नाही, तर चार पावलांवर हाताने चुरडता येतो. याखेरीज उतारावर वरून घरंगळत आलेले दगडगोटे आणि माती यांचा जो थर साठलेला असतो, तो पाहावयास घट्ट, पण आतून मोकळा असतो. त्यांत माणसाने भर घातली आहे ती भरावाची. जुने घर बांधताना पायातून निघालेली माती आणि डबर उताराच्या खालच्या बाजूला लोटून अंगण सपाट केलेले असते. पन्नास वर्षांनी त्यावर बाग फुललेली दिसते आणि घरमालकाला वाटते, ही मूळचीच जमीन. नवी खोली नेमकी याच भरावावर यावयाची असते. तिच्या एका कोपऱ्याखाली हातभर खोलीवर कातळ आणि दुसऱ्या कोपऱ्याखाली दोन पुरुष खोल भराव, अशी स्थिती उतारावर अपवादात्मक मुळीच नाही.

अशा जमिनीवर पाया घालताना पहिला प्रश्न 'घर खचेल काय' हा नसून 'सारखे खचेल काय' हा असतो. प्रत्येक इमारत थोडीफार खचतेच. सर्व कोपरे सारखेच खाली गेले तर राहणाऱ्याला ते कळतही नाही. एक कोपरा स्थिर आणि दुसरा खाली, असे झाले की भिंतीला तडे जातात. स्केम्प्टन आणि मॅक्डोनाल्ड या दोघा शास्त्रज्ञांनी अनेक इमारतींची पाहणी करून १९५६ साली जो निष्कर्ष मांडला, तो आजही प्रमाण मानला जातो. दोन खांबांच्या खचण्यातील फरक हा त्यांच्यामधील अंतराच्या तीनशेव्या भागाइतका झाला, की भिंतींना तडे पडू लागण्याचा संभव असतो. तीन मीटर अंतरावरच्या दोन खांबांना हे गणित लावा. हा फरक भरतो अवघा एक सेंटिमीटर, म्हणजे करंगळीच्या जाडीपेक्षाही कमी! जुने घर आपल्या जमिनीशी तडजोड करून केव्हाच स्थिरावलेले असते. नवी खोली आपले खचणे अजून खचावयाची असते. अशा वेळी नवा स्लॅब जुन्या भिंतीत ठोकून बसविला, नवी तुळई जुन्या खांबाला जखडली, की नवी खोली खाली जाताना जुन्या घरालाही आपल्याबरोबर ओढते. म्हणून जाणता अभियंता नव्या बांधकामाला स्वतंत्र खांब, स्वतंत्र पाया आणि दोहोंमध्ये मोकळा सांधा देतो, आणि शक्य तेथे नव्या पायालाही जुन्याच्याच जातीच्या थरावर नेऊन टेकवतो. हा सांधा दिसावयास चांगला दिसत नाही, म्हणून घरमालक तो बुजवून टाकावयास सांगतो. दिसण्याखातर घराची सुरक्षितता बुजविण्याचा हा प्रकार आहे.

भारतीय मानक संस्थेने पायांविषयी जी संहिता तयार केली आहे, तिच्यातील एकदोन साधे नियम प्रत्येक घरमालकाने लक्षात ठेवावे असे आहेत. उतारालगत पाया घ्यावयाचा झाल्यास, त्याच्या तळाच्या कडेपासून उताराच्या पृष्ठभागापर्यंतचे आडवे अंतर खडकात निदान ६० सेंटिमीटर आणि मातीत निदान ९० सेंटिमीटर असले पाहिजे. आणि मातीत, पायाच्या कडेपासून आडव्या रेषेशी ३० अंशांचा कोन करून खाली काढलेल्या रेषेला उताराने छेद देता कामा नये. याचा अर्थ साध्या भाषेत असा की, पायाच्या पुढे पुरेशी माती असेल तरच पायाखालच्या मातीला बळ असते. कड्याच्या टोकावर ठेवलेली वीट आणि अंगणाच्या मध्यावर ठेवलेली वीट वजनाने सारखीच. पण दोघींचे भवितव्य सारखे नसते. उतारावर पाया घ्यावयाचा तर तो पायऱ्यापायऱ्यांनी घ्यावा, प्रत्येक पायरीचा तळ सपाट असावा आणि वरच्या पायाचा दाब खालच्या पायावर जाऊन पडू नये, हीही त्याच संहितेची शिकवण आहे. याउलट व्यवहारात काय घडते? जुन्या भिंतीला खेटून तिच्या पायापेक्षाही खोल चर एकाच दमात खणला जातो, दोनचार दिवस तो उघडा राहतो, आणि वळवाची एक सर येऊन जुन्या पायाखालची माती चरात ढासळते. जे घर पन्नास वर्षे पावसाला पुरून उरले, ते एका चरामुळे लुळे पडते. टप्प्याटप्प्याने खणावे, एक टप्पा भरून झाल्यावर दुसऱ्याला हात घालावा, हे जुन्या गवंड्यांना ठाऊक होते. ठेकेदाराच्या घाईपुढे ते शहाणपण टिकेनासे झाले आहे.

या अडचणींवर हल्ली एक रामबाण उपाय सांगितला जातो, तो म्हणजे पाइल. जमिनीत खोल भोक पाडून त्यात लोखंडी सळया आणि काँक्रीट भरावयाचे आणि अशा खांबांवर घर तोलावयाचे, ही पद्धत शास्त्रशुद्ध आहे यात शंका नाही. पृष्ठभागाची जमीन दुबळी असेल आणि खडक खोल असेल, तेथे पाइलला पर्याय नाही. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने आपल्या काळ्या मातीसाठी तळाशी फुगवटा असलेल्या आखूड पाइलची जी पद्धत रूढ केली, ती स्वतंत्र भारतातील संशोधनाची एक उपयुक्त देणगी होय. जुन्या घराच्या पायाला आधार देण्यासाठी बारीक व्यासाच्या पाइलचा उपयोग १९५० नंतरच्या दशकात फेर्नांदो लिझ्झी या इटालियन अभियंत्याने सुरू केला, आणि अरुंद जागेत लहान यंत्राने काम होत असल्यामुळे वाढीव बांधकामाला ती पद्धत विशेष सोयीची ठरते. परंतु औषध कितीही गुणकारी असले तरी ते रोग पाहून द्यावे लागते.

सपाटीवरच्या पाइलवर मुख्यतः वरून भार येतो. उतारावरच्या पाइलला त्याखेरीज बाजूने रेटा सोसावा लागतो. कारण उतारावरची मोकळी माती दर पावसाळ्यात किंचित का होईना खाली सरकत असते, आणि ती पाइलला आपल्याबरोबर ढकलते. खालच्या बाजूला पाइलला आधार देणारी मातीही कमी असते. भराव जसजसा दबत जातो तसतसा तो पाइलला चिकटून तिला खाली ओढतो. म्हणजे जी माती भार घेईल असे वाटले, तीच भार घालू लागते. म्हणून उतारावरचा पाइल मोकळ्या थरात संपता कामा नये. तो पक्क्या कातळात पुरेसा आत रुतला पाहिजे, आडव्या रेट्यासाठी त्याची सळई मोजली गेली पाहिजे, आणि सर्व पाइलची डोकी तुळयांनी एकमेकांशी बांधली गेली पाहिजेत. हे न करता मोकळ्या मातीत लटकत ठेवलेले पाच-सहा खांब म्हणजे घसरणाऱ्या गाडीला टाचण्या टोचून थांबविण्याचा प्रयत्न होय. शिवाय पाइलचे यंत्र उतारावर नेण्यासाठी जर टेकडी कापून रस्ता करावा लागणार असेल, आणि भोक पाडताना बसणाऱ्या हादऱ्यांनी जुन्या दगडी भिंती खिळखिळ्या होणार असतील, तर रोगापेक्षा औषध भयंकर ठरेल. पुण्याच्या पुष्कळ टेकड्यांवर कातळ फार खोल नसतो. तेथे पायऱ्यापायऱ्यांनी कातळात उतरविलेला साधा पायाही पुरेसा होतो. कोठे काय हवे हे ठरविण्याचा अधिकार पाइलवाल्या ठेकेदाराचा नव्हे; तो अधिकार जमिनीचा आहे, आणि जमिनीचे मत चाचणीखड्डे आणि बोअर घेतल्याखेरीज कळत नाही.

भूकंपाचाही विचार येथे सोडून चालणार नाही. उतारावरच्या घराचे वरच्या अंगाचे खांब आखूड आणि खालच्या अंगाचे खांब लांब असतात. जमीन हलली की आखूड खांब ताठर असल्यामुळे अधिक धक्का स्वतःवर ओढून घेतात आणि आधी मोडतात. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपाचा धक्का पुण्यालाही जाणवला होता, याचे स्मरण नव्या पिढीला नसेल; जमिनीला ते आहे.

परंतु उताराचा सर्वांत मोठा शत्रू ना भार, ना भूकंप. तो आहे पाणी. आधुनिक मृदाशास्त्राचे जनक कार्ल टेर्झाघी यांनी १९२५ साली व्हिएन्नात प्रसिद्ध केलेल्या ग्रंथाने जे तत्त्व रूढ केले, ते सामान्य वाचकालाही कळण्याजोगे आहे. मातीचे बळ तिचे कण एकमेकांवर किती दाबून बसतात यावर अवलंबून असते. कणांमधल्या पोकळीत पाण्याचा दाब वाढला की तेवढ्या प्रमाणात कणांची एकमेकांवरची पकड सुटते. उन्हाळ्यात पहाडासारखा भासणारा उतार आषाढात लोण्यासारखा का होतो, याचे उत्तर या तत्त्वात आहे. आधारभिंतीचे उदाहरण घ्या. तीन मीटर उंचीच्या भिंतीमागे कोरडा मुरूम असेल, तर भिंतीच्या लांबीच्या दर मीटरमागे सुमारे पावणेतीन टनांचा रेटा येतो. तोच मुरूम पाण्याने काठोकाठ भरला की हा रेटा सहा टनांच्या घरात जातो. भिंत तीच, माती तीच. केवळ निचऱ्याची भोके बुजली म्हणून भार दुपटीहून अधिक झाला. कोकणातल्या आमच्या पूर्वजांनी हे गणित कागदावर मांडले नव्हते. पण उतारावर टप्पे पाडून त्यांना दगडांचे जे गडगे घातले, ते चुन्यावाचून, सांध्यासांध्यांतून पाणी वाहू देणारे घातले. आपण मात्र सिमेंटची गुळगुळीत भिंत बांधतो, तिची भोके ओली दिसतात म्हणून लिंपून टाकतो, वरच्या गच्चीचे सारे पाणी एका नळाने भिंतीच्या मागे सोडतो, शेजारीच शोषखड्डा खणतो, आणि वर हिरवळीला सकाळसंध्याकाळ पाणी घालतो. एवढे केल्यावर भिंत पडली तर दोष पावसाला देतो! गच्चीचे आणि अंगणाचे पाणी बंद नळीतून उताराबाहेर सुरक्षित नेणे, भिंतीमागे खडीचा निचरा ठेवणे, वरच्या बाजूने येणारे पाणी चर काढून घराबाहेरून वळविणे, ही कामे पाइलच्या मानाने किती तरी स्वस्त. पण ती दिसत नाहीत म्हणून केली जात नाहीत.

हा निष्काळजीपणा कोणाच्या मुळावर येतो, हे या शहराने पाहिले आहे. २०१९ च्या २९ जूनला मध्यरात्रीनंतर कोंढव्यात एका गृहसंकुलाची संरक्षक भिंत मुसळधार पावसात कोसळली आणि खाली पत्र्याच्या झोपड्यांत झोपलेल्या १५ मजुरांचा, त्यांच्या बायकामुलांसह, बळी गेला. तीनच दिवसांनी, २ जुलैला, मुंबईत मालाड येथे जलाशयाच्या उतारावरची भिंत कोसळून खालच्या वस्तीतली वीसहून अधिक माणसे दगावली. दोन्हीकडे भिंतीच्या वर राहणारे एका जातीचे आणि खाली मरणारे दुसऱ्या जातीचे होते. ही जात जन्माची नव्हे, उताराची. जो वर असतो तो पाणी खाली सोडतो, माती खाली लोटतो, भार खाली टाकतो. जो खाली असतो त्याला हे सारे विनातक्रार स्वीकारावे लागते. माळीण येथे ३० जुलै २०१४ रोजी १५० हून अधिक, महाडजवळच्या तळिये येथे २२ जुलै २०२१ रोजी ८० हून अधिक माणसे दरडीखाली गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी गाडली गेली आणि मृत व बेपत्ता मिळून तेथेही ८० हून अधिक माणसे गमावली. ते सह्याद्रीचे कडे होते, येथे सहकारनगरातली एक खोली आहे, दोहोंची तुलना कशी करता, असे कोणी विचारील. आकाराची तुलना आम्ही करीत नाही. भिजलेली माती, सुटलेली पकड आणि तुटलेला पायथा यांचा जो नियम डोंगराला लागू आहे, तोच अंगणालाही लागू आहे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

आणि इशारा मिळाला नव्हता, अशी सबब तरी कोणी किती काळ सांगावी? गढवालमधील जोशीमठ हे गाव जुन्या दरडीच्या ढिगाऱ्यावर वसले आहे. तेथे जमिनीची कुवत तपासल्यावाचून जड बांधकामे करू नयेत, उतारावरचे दगड उकरू नयेत, झाडे तोडू नयेत आणि पाण्याच्या निचऱ्याची व्यवस्था करावी, असे मिश्रा समितीने १९७६ साली बजावले होते. जानेवारी २०२३ मध्ये तेथील शेकडो घरांना तडे गेले आणि माणसांना भर थंडीत घरे सोडावी लागली. मधल्या सत्तेचाळीस वर्षांत तो अहवाल हरवला नव्हता. त्याची आठवण कोणाला सोयीची नव्हती.

कायद्याच्या दृष्टीनेही घरमालकाला वाटते तितका हा मामला सोपा नाही. १८८२ सालचा भारतीय सुविधाधिकार अधिनियम सातव्या कलमाच्या उदाहरणांत सांगतो की, प्रत्येक जमीनमालकाला आपल्या जमिनीला शेजारच्या आणि खालच्या मातीचा नैसर्गिक आधार मिळण्याचा हक्क आहे. परंतु हा हक्क जमीन नैसर्गिक स्थितीत असेल तोवर. म्हणजे ती खणलेली नसेल आणि तिच्यावर कृत्रिम भार घातलेला नसेल तोवर. त्याच कलमात वरच्या जमिनीवरचे पाणी खालच्या जमिनीवरून 'नैसर्गिकपणे' वाहू देण्याचे बंधनही आहे. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या कायदेकारांनी 'नैसर्गिक' हा शब्द जाणूनबुजून योजला आहे. चार खोल्यांच्या गच्चीचे पाणी एका नळात गोळा करून शेजाऱ्याच्या भिंतीवर सोडणे यांत आम्हांस तरी काही नैसर्गिक दिसत नाही. उतारावर खालचा शेजारी पायथा कापतो तेव्हा तो वरच्याचा आधार काढून घेतो, आणि वरचा शेजारी भार वाढवितो तेव्हा तो खालच्याच्या छातीवर ओझे ठेवतो. सपाटीवरचे दोन शेजारी एकमेकांशी अबोला धरून सुखाने राहू शकतील. उतारावर ती चैन परवडणारी नाही.

या बाबतीत शासनाचे आणि पालिकेचे वर्तन मात्र अजब आहे. वाढीव बांधकामाचा अर्ज आला की चटई क्षेत्राचा हिशेब तपासला जातो, शुल्क मोजून घेतले जाते. जमिनीचा हिशेब तितक्या कसोशीने कोणी विचारीत नाही. आणि परवानगीवाचून बांधले तरी काय बिघडले? आज ना उद्या ते नियमित होईल, अशी आशा शासनानेच लोकांना लावून ठेवली आहे. २००१ सालचा गुंठेवारीचा कायदा त्या सालाच्या आरंभापर्यंतच्या बांधकामांसाठी होता. २०२१ मध्ये ती मर्यादा ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे नेण्यात आली. गरजूंची घरे पाडली जाऊ नयेत, या भावनेशी आमचे भांडण नाही. परंतु दंड भरल्याने कागद पक्का होतो, माती पक्की होत नाही. उतारावरचे बांधकाम नियमित करताना त्याचा पाया कोणी पाहणार नसेल, तर शासन अधिकृतपणे विकत आहे ते धोक्याचे प्रमाणपत्र होय.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. उतारावर, किंवा उताराच्या पायथ्याशी वा माथ्याशी, एका खोलीचेही वाढीव बांधकाम करावयाचे असेल तर जमिनीच्या चाचणीचा अहवाल, उताराच्या स्थैर्याचे गणित आणि पाण्याच्या निचऱ्याचा नकाशा यांवाचून परवानगी मिळू नये. आणि नियमितीकरणालाही हीच अट असावी. आधारभिंतीला 'कुंपण' समजण्याची प्रथा बंद करून तिच्यासाठी स्वतंत्र आराखडा व अभियंत्याची सही सक्तीची करावी. जून ते सप्टेंबर या काळात उतारावर खोदाईस मनाई असावी, आणि त्यापूर्वी उघडा पडलेला प्रत्येक चर भरून घेण्याची जबाबदारी ठेकेदारावर निश्चित करावी. कामाची सूचना खालच्या शेजाऱ्याला लेखी दिली जावी. ज्याच्या डोक्यावर भार यावयाचा त्याला निदान तो येत असल्याचे कळावे, ही मागणी जगावेगळी नाही. आणि शहरात रोज कोठे ना कोठे बोअर घेतले जातात, त्यांचे अहवाल फायलींत कुजत न ठेवता पालिकेने ते एकत्र करून टेकडीवार नकाशे प्रसिद्ध करावेत. असे नकाशे असतील, तर सामान्य गृहस्थाला आपल्या अंगणाखाली काय आहे याचा प्राथमिक अंदाज खर्चावाचून मिळेल. या शहरात अभियांत्रिकी महाविद्यालयांची वाण नाही. आपल्या विद्यार्थ्यांना या कामाला लावणे त्यांना अवघड जाऊ नये.

यावर एक आक्षेप हमखास येईल, तो खर्चाचा. मध्यमवर्गीयाने कर्ज काढून एक खोली बांधावयाची, त्यात या चाचण्या आणि आराखडे म्हणजे दुष्काळात तेरावा महिना, असे म्हटले जाईल. ही अडचण आम्ही हसण्यावारी नेत नाही. आणि म्हणूनच लहान बांधकामांसाठी हे अहवाल पालिकेने माफक शुल्कात उपलब्ध करून द्यावेत, असे आम्हांस वाटते. परंतु घरमालकानेही स्वतःला एक प्रश्न विचारावा. फरशी कोणत्या रंगाची असावी यासाठी तो चार दुकाने पालथी घालतो. स्वयंपाकघरातला ओटा कोणत्या दगडाचा असावा यावर घरात आठवडाभर खल होतो. प्रवेशद्वाराची दिशा योग्य की अयोग्य हे विचारण्यासाठी जाणकाराला दक्षिणा दिली जाते. मग ज्या जमिनीवर हे सारे उभे राहावयाचे तिच्याबद्दल एका जाणत्या अभियंत्याला विचारतानाच त्याचा हात आखडता का व्हावा? आणि अभियंत्याने 'येथे बांधू नका' असे सांगितले, तर तो सल्ला फुकट गेला असे मानू नये. न बांधलेली खोली हीदेखील कधी कधी घराची मोठी मिळकत असते.

टेकडीवर राहण्याचे सुख मोठे आहे. वारा मिळतो, शहराचा गोंगाट खाली राहतो, पावसाळ्यात खिडकीतून हिरवा उतार दिसतो. हे सुख टेकडीने दिलेले आहे, आणि त्याच्या मोबदल्यात ती मागते ते फार नाही: तिच्या पाण्याला वाट द्यावी, तिचा पायथा तोडू नये, आणि तिच्या खांद्यावर ओझे ठेवण्यापूर्वी तिची ताकद पाहावी. घराचा पाया भिंतीखाली असतो असे आपण समजतो. उतारावर तो त्याहून लांब पसरलेला असतो. वरच्या शेजाऱ्याच्या गच्चीपासून खालच्या शेजाऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत सबंध उतार हाच साऱ्या घरांचा एक सामाईक पाया आहे. तो सामाईक आहे हे ओळखून परवानग्या द्यावयाच्या आणि बांधकामे करावयाची, की प्रत्येकाने आपापल्या कुंपणापुरते पाहावयाचे, याचा निर्णय पालिकेला आणि नागरिकांना पावसापूर्वीच घ्यावा लागेल. पाऊस सुरू झाल्यावर तो निर्णय त्यांच्या हाती राहत नाही.